निळ्या कार्डाआधीचे गुरुवार

टॅमसिनने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती त्याला झापत होती.

आता ‘झापत होती’ हे तिला मान्य नाही. तिच्या मते ती फक्त समजावून सांगत होती — की ही गल्ली आहे, पार्किंग नव्हे. की दुकानाच्या दारात गाडी आडवी लावली तर गिऱ्हाइकांनी काय छपरावरून उतरायचं. की दर उन्हाळ्यात पोर्थेलनमध्ये मुंग्या येतात आणि त्यांना वाटतं गाव त्यांच्या आजोबांचं आहे. त्या किनाऱ्यावर पर्यटकांना मुंग्याच म्हणतात, आणि लाडाने नाही म्हणत. वरून भुरभुर पडत होती, अंगाला लागतेय की नाही ते कळू नये इतपत. तो माणूस गाडीची काच खाली करून शांतपणे सगळं ऐकून घेत होता. त्याच्या भुवयांवर बारीक थेंब जमले होते, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, “टॅमसिन नान्स?”

“हो. का?”

“मी तुम्हाला हॉस्पिटलात न्यायला आलोय. पास्कोकाकांचा अंगठा सुजलाय, म्हणून मला पाठवलं.” आणि मग, अगदी गरीब चेहऱ्याने, “मी मुंगी नाही. खाडीपलीकडचाच आहे.”

बाई गं! टॅमसिनला वाटलं, ह्या गल्लीतले दगड बाजूला व्हावेत आणि आपण खाली जावं. पण तसं काही होईना, तेव्हा ती मुकाट्याने गाडीत बसली. त्याने इंजिन सुरू केलं. वळणावर तिने चोरून पाहिलं, तर तो हसू दाबत होता.

टॅमसिनबद्दल थोडं सांगायला हवं. वय बत्तीसच्या आसपास, केस आखूड — नुकते कुठे परत आलेले — आणि जीभ भलती तिखट. ती होड्यांवर नावं रंगवायची. पोर्थेलनच्या बंदरात डुलणाऱ्या निम्म्या होड्यांची नावं तिच्या हातची होती, आणि तिच्या अक्षराची होडी म्हणजे जरा मिरवायची गोष्ट समजत. मग तिच्या स्तनात गाठ निघाली. गाठ काढली, औषधं झाली, केस गेले, केस आले. आता सुटलो म्हणेपर्यंत तोच आजार कमरेच्या हाडात जाऊन बसला. डॉक्टरांनी सांगितलं की तो आता जायचा नाही, पण इंजेक्शनं देऊन त्याला गप्प बसवता येईल. कितपत, कुठवर, ते कुणी सांगेना, आणि तिनेही विचारणं सोडून दिलं.

बघायला मात्र ती ठणठणीत. तीच तर सगळी पंचाईत होती.

चालताना थोड्या वेळाने कमरेत कुणीतरी गरम सळई फिरवल्यासारखं व्हायचं. मग थांबावं लागे, टेकावं लागे. काही दिवस बरे जात, काही अजिबात नाही. गावातलं पार्किंग टेकडीवर, बंदर खाली, आणि मधली उतरण अशी की धडधाकट माणसाचे गुडघे बोलायला लागतात. खाली धक्क्यावर गाडी लावायला जागा होत्या, पण त्या निळं कार्ड असलेल्यांच्या — ज्यांना चालता येत नाही त्यांच्या. हॉस्पिटलातही तीच कथा. तिची व्हॅन होती, ती उत्तम चालवायची, पण चालवून करणार काय? पोचल्यावर गाडी ठेवायची कुठे? म्हणून एक गुरुवार सोडून एक गुरुवारी, रुग्णांची फुकट ने-आण करणाऱ्या एका संस्थेची गाडी यायची, आजवर पास्कोकाका चालवायचे ती. आणि होड्या तशाच राहिल्या. गेल्या पानगळीपासून तिने एक अक्षर रंगवलं नव्हतं.

पास्कोकाकांचा अंगठा बरा झाला, पण तोपर्यंत जोरी पेनहेल — हेच त्याचं नाव — गुरुवारचा होऊन गेला होता. तो खाडीच्या तोंडाशी माणसांना पलीकडे नेणारी बोट चालवायचा. दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. त्याचे वडील आजारी असताना पास्कोकाकाच त्यांना हॉस्पिटलात न्यायचे. वडील गेले, आणि नंतरच्या वसंतात जोरीने संस्थेत नाव घातलं. हे त्याने तिसऱ्या का चौथ्या फेरीत सांगितलं, तेही रस्त्याकडे बघत.

तिथले रस्ते म्हणजे दोन उंच हिरव्या कुंपणांमधली पन्हाळी. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं. जोरी नेहमी स्वतःच मागे जायचा.

“तुम्ही जन्मभर मागेच जाणार का हो?” तिने एकदा विचारलं.

“समोरचा लंडनचा आहे. त्याला मागे जाता येत नाही.”

“मग शिकू दे की त्याला.”

“तो शिकेपर्यंत तुमचं इंजेक्शन हुकेल,” तो म्हणाला. मागे जाताना तिच्या सीटच्या पाठीवर हात टाकून त्याला वळून बघावं लागे. त्याच्या बाहीला दोराचा आणि खाऱ्या पाण्याचा वास यायचा. मागची काच बघण्याच्या निमित्ताने त्याची नजर तिच्या कानाजवळून जायची, आणि... आणि पुढे जायची. इतकंच. पण टॅमसिन हळूहळू ट्रॅक्टरांची वाट बघायला लागली. रस्ता मोकळा मिळाला की तिचं तोंड उतरायचं.

लव्हडे मावशीला हे दिसल्याशिवाय कसं राहील? टॅमसिन मावशीकडेच राहायची, मावशीच्या बेकरीच्या वर. मावशी सगळ्या जगाला ‘माझ्या राजा’ म्हणायची; गिऱ्हाइकाला, पोस्टमनला, पेस्टी, म्हणजे तिकडची मांसाची मोठी करंजी, पळवणाऱ्या समुद्रपक्ष्यालासुद्धा, फक्त त्याला जरा वरच्या पट्टीत. एका गुरुवारी तिने जोरीसाठी केशर घातलेला बन बांधून दिला. जोरीने हात मागे घेतला.

“घेता येत नाही. मी सही करून दिलीय.”

संस्थेचा नियमच तसा होता. भेट घ्यायची नाही, फोन नंबर घ्यायचा नाही, घरी जायचं नाही, गाडीत बसणाऱ्याशी कसलंही नातं जोडायचं नाही. आजारी माणूस आधीच दुसऱ्याच्या आधाराने चाललेलं असतं, त्याचा कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून. नियम शहाणपणाचा होता, आणि टॅमसिनला तो अजिबात आवडला नाही.

तिने बन मधोमध मोडला. अर्धा स्वतः घेतला, अर्धा गिअरच्या पुढच्या खाचेत ठेवला. “तो सांडलाय,” ती म्हणाली. “गाडी घाण केल्याबद्दल माफ करा.”

जोरीने पुढच्या वळणापर्यंत विचार केला, मग गाडी साफ करून टाकली.

पण खरी गोष्ट बनाची नव्हती. खरी गोष्ट ही, की टॅमसिन त्या गाडीत खरं बोलायची. पोर्थेलनमध्ये कुणी ‘कशी आहेस’ विचारलं की ‘मजेत, तक्रार करण्यासारखं काही नाही’ म्हणायचं, ही रीत. मावशीचं मनगट मोडलं होतं तेव्हाही ती डाव्या हाताने कणीक मळत मजेत होती. टॅमसिनही त्याच घरात वाढलेली. पण समोर रस्त्याकडे बघणाऱ्या माणसाला खरं सांगणं सोपं जातं. हाड कसं ठणकतं, जिन्याची तिसरी पायरी कशी नकोशी होते, पाहुण्यांच्या लग्नाची आमंत्रणं आली की तारीख बघून ‘तोवर मी असेन का’ हेच कसं मनात येतं... तिने सांगावं आणि त्याने ऐकावं. तो ‘सगळं ठीक होईल’ असं एकदाही म्हणाला नाही. फक्त खाचखळगा आला की गाडी हळू घ्यायचा. त्यामुळे दोन गुरुवारांच्या मधले दिवस तिला फार लांब वाटायला लागले.

निळ्या कार्डाचं डोक्यात घातलं ते हॉस्पिटलातल्या सिस्टरने. अर्ज करा, तुम्हाला मिळेल. मग अर्ज, आणि मग एके दिवशी तपासणी. तपासणाऱ्या बाईंचं नाव ट्रेव्हेल. चष्मा, नीटस कपडे, स्वभावाने चांगल्या. त्यांनी आधीच स्पष्ट केलं की कॅन्सर आहे म्हणून कार्ड मिळत नाही, आणि कॅन्सर आहे म्हणून नाकारलंही जात नाही. आजाराचं नाव काही असो, चालता किती येतं आणि चालताना किती सोसावं लागतं, तेवढंच त्या बघणार. मग त्या सहज म्हणाल्या, “कशा आहात?”

“मजेत,” टॅमसिन म्हणाली. “तक्रार करण्यासारखं काही नाही.”

काय म्हणावं हिला! सकाळी तिने चांगला कोट घातला होता, ओठांना रंग लावला होता, कुणी कीव करू नये म्हणून. ट्रेव्हेलबाईंनी कॉरिडॉरमध्ये चालायला सांगितलं, तर ही ताठ मानेने, झपाझप, होड्यांच्या मालकासमोर चालावं तशी चालून आली. दुखतं का? ‘थोडंसं.’ थांबावं लागतं का? ‘कधी कधी.’ वाईट दिवशी काय होतं? ‘निभावतं.’ ट्रेव्हेलबाईंनी जे पाहिलं आणि ऐकलं ते मान्य केलं. त्या बिचाऱ्या आणखी काय करणार?

कार्ड नाकारल्याचं पत्र आलं. ते वाचून टॅमसिनला आधी काय वाटलं असेल? हलकं वाटलं. म्हणजे गुरुवार राहिले! आणि लगेच तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने ते पत्र मावशीला न दाखवता उशीखाली सारलं.

पुढच्या गुरुवारी तिने ते जोरीला सांगितलं, हसत हसत, गंमत म्हणून. तो हसला नाही.

“तुम्ही त्यांना मजेत आहे म्हणालात?”

“तोंडातून निघून गेलं.”

“मला सांगता ते त्यांना का नाही सांगितलंत?”

“त्या माझ्याकडे बघत होत्या,” टॅमसिन म्हणाली. “तुम्ही समोर बघता.”

काचेवर भुरभुर जमत होती. जोरीने वायपर लावला, बंद केला, परत लावला. मग म्हणाला की फेरतपासणी मागता येते, ती मागा. ट्रेव्हेलबाई वाईट नसतील, त्यांना माहीतच नसेल तर त्या लिहिणार काय. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर ते तिला कळेना.

टॅमसिनने बोटाने काचेवरची वाफ पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिली. “कार्ड मिळालं,” ती म्हणाली, “तर मी माझ्या गाडीने जाईन. मग तुमची गाडी लागणार नाही.”

आता तो काही तरी म्हणेल. म्हणू दे. ‘मला वाईट वाटेल’ एवढं म्हणाला तरी पुरे. कुंपणांतून एक लांबलचक सरळ रस्ता गेला, एकही ट्रॅक्टर आला नाही.

“नाही लागणार,” जोरी शेवटी म्हणाला. “तरीही मागा.”

झालं. टॅमसिनच्या मनाने घेतलं की ह्याला आपली ब्याद टळायला हवीय. प्रत्येक फेरीला एक आजारी बाई आणि तिची रडगाणी. कोणाला नाही कंटाळा येणार? घरी येऊन ती ताटल्या धुवायला लागली. मावशी ताटल्या पुसता पुसता म्हणाली की तो पोरगा तू दाराआड जाईपर्यंत गाडी हलवत नाही, मागे चार गाड्यांचे हॉर्न वाजतात तरी हलवत नाही, तेव्हा काय ते समज. टॅमसिन म्हणाली की तो त्यांचा नियम असेल. मावशी म्हणाली, “असेल हो, माझ्या राजा,” आणि ताटली जरा जोरातच ठेवली.

आणि मग बंदरातून निरोप आला. डेन्झिल नावाच्या कोळ्याने नवी होडी घेतली होती, तिच्यावर मुलीचं नाव घालायचं होतं, आणि ते टॅमसिननेच घालावं असा त्याचा हट्ट. तिने व्हॅन वर पार्किंगमध्ये लावली, रंगाची पेटी घेतली, आणि उतरायला लागली. चांगला दिवस होता. निदान सकाळी तरी होता. उतरणीच्या मध्यापर्यंत जाता जाता सळई फिरायला लागली, मग पेटी जड झाली, मग पाय उचलेना. एका बंद दाराच्या पायरीवर ती बसली ती बसलीच. खाली धक्का दिसत होता, डेन्झिलची पांढरी होडी दिसत होती, तो हात हलवताना दिसत होता. आणि धक्क्यावरच्या निळ्या रंगाने आखलेल्या जागाही दिसत होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या. शेजारून माणसं आइस्क्रीम चाटत जात होती. एका हसऱ्या जोडप्याने तर तिच्या हातात फोन दिला, ‘तुम्ही बसल्याच आहात तर आमचा एक फोटो काढता का?’

तिने काढला. चांगला काढला. मग ते गेल्यावर पेटी मांडीवर घेऊन ती रडली. जोरीसाठी नाही, त्या होडीसाठी, आपल्या हातासाठी, खाली असलेल्या आपल्या सगळ्या जगासाठी. एका माणसाशेजारी बसायला मिळावं म्हणून आपण हे सगळं सोडून द्यायला निघालो होतो? आणि तो तर ‘मागा’ म्हणतोय. त्याच दुपारी तिने फेरतपासणी मागितली.

ह्या खेपेला मावशी बरोबर आली, एप्रन काढायचं विसरून. ट्रेव्हेलबाईंनी खुर्च्या दिल्या, कागद पुढे ओढले, आणि पुन्हा तेच विचारलं, “कशा आहात?”

“मजे...”

टॅमसिन थांबली. मावशीने तिच्याकडे पाहिलं.

“मी मजेत नाही,” टॅमसिन म्हणाली. तिच्या घराण्यात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नसावं. “मागच्या वेळी तुम्ही मला चालायला लावलंत आणि मी चालले. तुम्ही दार लावल्यावर मी मागच्या जिन्यावर बसून होते. झाडूवाली येऊन गेली, दिवे लागले, तरी बसून होते. मावशीला सांगितलं की बाजारात गेले होते. घरी जिना चढताना मी नळ सोडून ठेवते, म्हणजे मी कण्हते ते हिला ऐकू जाऊ नये. मला खाली बंदरात जायचंय, आणि मला जाता येत नाही.”

ट्रेव्हेलबाईंनी लिहिणं थांबवलं. मग फार हळू आवाजात त्यांनी एकेक विचारलं, आणि टॅमसिनने एकेकाचं खरं उत्तर दिलं. कुठपर्यंत जाता येतं, मग काय होतं, परत उभं राहायला किती वेळ, दुसऱ्या दिवशी काय. ती समोर भिंतीकडे बघत बोलली, जशी गाडीच्या काचेतून बाहेर बघायची. शेवटी त्यांनी मावशीला काही सांगायचंय का म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, “मला नळाचं माहीत होतं.” आणि एप्रन डोळ्यांना लावला.

कार्ड आलं.

संस्थेला कळवावं लागलंच. पुढचा गुरुवार शेवटचा. त्या दिवशी जोरीने दाढी केली होती, आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. जाताना दोघं हवेबद्दल बोलले. येताना त्याने नेहमीचा रस्ता सोडून समुद्राकडचा लांबचा रस्ता धरला. म्हणाला, इकडे ट्रॅक्टर फार आहेत. तिकडेही ट्रॅक्टर निघाला. जोरी मागे गेला, हात तिच्या सीटच्या पाठीवर टाकून, आणि ह्या वेळी नजर पुढे गेली नाही. क्षणभर राहिली. ट्रॅक्टरवाल्याने हात केला, हॉर्न वाजवला, निघून गेला, तरी गाडी तिथेच उभी होती. मग जोरीने गिअर टाकला.

गल्लीत तो म्हणाला, “कार्ड ठेवताना आकडे दिसतील असं ठेवा. पालथं ठेवलं की दंड होतो. पुष्कळ जण चुकतात.”

“एवढंच?” टॅमसिन म्हणाली.

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरले होते. “आज एवढंच,” तो म्हणाला.

आता ‘आज’ हा शब्द तिने ऐकायला नको होता का? पण ज्याच्या मनात निरोपच बसलाय त्याला तो कसा ऐकू येणार? ती दाराआड गेली. बाहेर हॉर्न वाजत राहिले, बराच वेळ वाजत राहिले, मग थांबले. तिने मावशीसमोर चहा घेतला आणि मजेत असल्याचं सांगितलं. मावशीने फक्त नळाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे दोघी हसल्या आणि मग त्यातली एक रडली.

सोमवारी टॅमसिन व्हॅन घेऊन थेट धक्क्यावर उतरली. निळ्या जागेत गाडी लावली. एका नीटनेटक्या गृहस्थाने तिच्याकडे आणि तिच्या पायांकडे पाहून भुवई उंचावली, तेव्हा तिने कार्ड काचेला लावून दाखवलं आणि गोड हसली. चार पावलांवर डेन्झिलची होडी. तिने स्टूल मांडलं, पेटी उघडली, खडूने रेघा मारल्या. पहिल्या अक्षराला जरा वेळ लागला. दुसऱ्याला नाही. वारा खारट होता, दोर खांबांवर टकटक वाजत होते, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की त्यात एक रिकामी जागा आहे हे तिला आणखीच जाणवत होतं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. आणि ज्याला सांगायचं तो खाडीपलीकडे माणसं मोजून बोटीत घेत असेल.

तेवढ्यात तिच्या अक्षरांवर सावली पडली.

“आडवा आलो का?” जोरी म्हणाला. ह्या वेळी त्याच्या हातात टोपी होती, आणि तो ती पिळत होता.

“बोट?”

“भाऊ चालवतोय. मला आज सकाळपर्यंत थांबावं लागलं. संस्थेने आज सकाळी तुमचं नाव माझ्या फेऱ्यांमधून काढलं. मी त्यांना फोन करून दोनदा विचारलं.” त्याने टोपी बगलेत मारली. “आता तुम्ही माझ्या गाडीत बसणाऱ्या नाही. आता मला... बोलता येतं.”

टॅमसिनने कुंचला खाली ठेवला नाही. “मला वाटलं तुम्हाला मी गाडीतून उतरायला हवी होते.”

“हवंच होतं,” जोरी म्हणाला. “किती दिवस हवं होतं. तुम्ही उतरल्याशिवाय मला काही म्हणता येत नव्हतं, आणि उतरलात की माझे गुरुवार जाणार होते. मला दोन्हीकडून मरण होतं.”

वाऱ्याने तिचे आखूड केस उभे केले. ती हसणार होती, पण त्याआधी तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं, आणि आज तो समोर बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. तरी तिने सांगितली.

“मी बरी होणार नाही, जोरी. हे गप्प बसलंय, गेलेलं नाही. एक दिवस उठेल.”

“माहीत आहे. प्रत्येक फेरीला तूच सांगत होतीस.”

‘तू’ म्हणाला. दोघांनाही ते ऐकू आलं.

“माझे बाबा शेवटपर्यंत मजेत होते,” तो म्हणाला. “आम्हीही सगळे मजेत होतो. एकाच घरात राहून कुणी कुणाला भेटलंच नाही. मग तू गाडीत बसलीस आणि पहिल्याच फेरीत म्हणालीस की आज सगळं दुखतंय आणि ह्या देशातले सगळे खड्डे तुझ्या नावावर आहेत. मला तेव्हाच... टॅमसिन, मला मजेत असलेलं माणूस नकोय. मला तू हवी आहेस.”

तिने कुंचला ठेवला. जोरीने तिचे हात हातात घेतले. निळा रंग त्याच्या बोटांना लागला. डेन्झिल होडीच्या पलीकडे दोर आवरत होता, तो दोर आधीच आवरलेला होता.

मग कमरेने आठवण करून दिली आणि ती व्हॅनच्या पायरीवर बसली. जोरी शेजारी टेकला. त्याने काचेमागचं कार्ड उचलून नीट बघितलं, बरोबर ठेवलंय का म्हणून, आणि त्यावरची तारीख वाचली.

“तीन वर्षं चालतं,” तो म्हणाला.

टॅमसिनने ती तारीख बघितली नव्हती. बघायची टाळली होती. आजकाल ती कुठल्याच लांबच्या तारखेकडे बघत नसे. “मला तीन वर्षं कोण देतंय?” ती हसत म्हणाली, आणि होडीकडे बघायला लागली.

जोरी ‘काहीतरीच काय’ म्हणाला नाही, ‘सगळं ठीक होईल’ म्हणाला नाही. त्याने कार्ड परत ठेवलं, आकडे वर.

“संपलं की परत अर्ज करावा लागतो,” तो म्हणाला. “परत तपासणी. तेव्हा मी येऊ बरोबर? मावशी रडते.”

खाडीवरून भाऊ भोंगा वाजवून त्याला बोलावत होता, आणि जोरी उठत नव्हता. टॅमसिनने त्या कार्डाकडे पाहिलं, तारखेकडे पाहिलं, नीट पाहिलं.

“ये,” ती म्हणाली. किती तरी महिन्यांत इतक्या लांबच्या दिवसाला ती पहिल्यांदाच हो म्हणाली होती.